उंदराच्या भ्रूणावरची विषारीपणाची चाचणी: आयव्हीएफ प्रयोगशाळेसाठी सविस्तर पद्धत

आयव्हीएफ प्रयोगशाळेत मानवी भ्रूण पाच-सहा दिवस राहतो. तेवढ्या काळात कल्चर मीडिया (भ्रूण वाढवण्याचे पोषक द्रव), त्यावरचे तेल, प्लास्टिकची डिश, पिपेटचे टोक, फिल्टर, सिरिंज, कॅथेटर अशा दहा-पंधरा वस्तूंशी त्याचा संबंध येतो. यातल्या एखाद्या लॉटमध्ये (एकाच वेळी बनवलेल्या मालात) विषारी अंश असला तर तो डोळ्यांना दिसत नाही, वासालाही येत नाही. कळते ते काही महिन्यांनी, गर्भधारणेचा आकडा खाली आल्यावर, आणि तोवर कितीतरी जोडप्यांचे भ्रूण त्यातून गेलेले असतात. म्हणून अशी वस्तू वापरात येण्याआधी उंदराच्या भ्रूणावर तपासतात. या चाचणीला सगळीकडे एमईए (माउस एम्ब्रियो अ‍ॅसे) म्हणतात. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) १९९८ मध्ये आयव्हीएफच्या साहित्याचे वेगळे वर्ग पाडले, तेव्हापासून मीडिया आणि डिशच्या प्रमाणपत्रावर हे नाव रूढ झाले.

चाचणी दिसायला सोपी आहे. उंदराचे एकपेशीय भ्रूण संशयित वस्तूच्या संपर्कात वाढवायचे आणि ९६ तासांनी किती भ्रूण ब्लास्टोसिस्ट (आत द्रवाची पोकळी तयार झालेला, रुजण्याआधीच्या टप्प्यातला भ्रूण) झाले ते मोजायचे. ८० टक्के किंवा जास्त झाले तर वस्तू पास. पण उंदराचा भ्रूण चिवट असतो आणि चांगल्या मीडियात तो बरेच काही सोसतो. त्यामुळे ‘९० टक्के ब्लास्टोसिस्ट’ या आकड्याला अर्थ येतो तो एकाच अटीवर: त्याच दिवशी, त्याच इन्क्युबेटरमध्ये, मुद्दाम विष घातलेला गट नापास झालेला असला पाहिजे. पुढची सगळी पद्धत या अटीभोवती बांधलेली आहे.

चाचणी कठोर करणारे चार निर्णय

पहिला निर्णय, एकपेशीय भ्रूण घ्यायचे की दोनपेशीय. दोनपेशीय भ्रूण काढायला सोपे, ७२ तासांत निकाल, आकडेही छान येतात. तरीही एकपेशीयच घ्या. उंदरात भ्रूणाची स्वतःची जनुके मुख्यतः दोनपेशीय अवस्थेत जागी होतात. दोनपेशीपासून सुरुवात केली तर त्याआधीचा सगळ्यांत हळवा काळ चाचणीतून निसटतो.

दुसरा, उंदराची जात. बी६सीबीएएफ१ किंवा बी६डी२एफ१ या संकरित माद्यांचे भ्रूण कल्चरमध्ये न अडखळता वाढतात. सीएफ१सारख्या आउटब्रेड (जनुकीय विविधता राखून वाढवलेल्या) जातींचे भ्रूण अनेक मीडियांत दोन पेशींवर अडकतात. नेहमीच्या कामाला संकरित जात ठीक, कारण कंट्रोल (संशयित वस्तूविना वाढवलेला तुलनेचा गट) स्थिर राहतो. आउटब्रेड भ्रूण अधिक संवेदनशील असतात, पण कंट्रोलच डळमळला तर निकाल कशाशी ताडून पाहणार?

तिसरा, मीडियातले प्रथिन. अल्ब्युमिन विषारी रेणूंना आणि जड धातूंना स्वतःवर बांधून घेते. ते भरपूर असेल तर विष भ्रूणापर्यंत पोचतच नाही आणि वस्तू पास होते. म्हणून चाचणीचा मीडिया शक्यतो प्रथिनविरहित ठेवा आणि त्यात दर मिलिलिटरला ०.१ ते १ मिलिग्रॅम पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घाला. ते नसले तर भ्रूण पिपेटच्या काचेला आणि डिशच्या तळाला चिकटतात, उचलताना हरवतात.

चौथा, ईडीटीए. केएसओएम या उंदराच्या भ्रूणासाठी रूढ असलेल्या मीडियात ते ०.०१ मिलिमोलर असते आणि धातूचे आयन पकडून ठेवते. धातूच्या अंशाचा संशय असेल तर ईडीटीएविना मीडिया तयार करा. संकरित भ्रूण त्यातही वाढतात. फक्त कंट्रोलचे प्रमाण किती राहते हे दोन-तीन फेऱ्या करून आधी पाहून ठेवा.

परवानगी

भारतात हे काम नोंदणीकृत प्राणिगृहातच करता येते. संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी आधी लागते आणि नियम सीसीएसईएचे, म्हणजे प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या समितीचे, लागू होतात. अर्जात माद्यांची संख्या द्यावी लागते, तेव्हा ‘किती भ्रूण लागतात’ या पुढच्या भागातले गणित आधी करा. अंदाजाने मागितलेली संख्या समिती परत पाठवते, आणि ते बरोबरच आहे.

वेळापत्रक

प्राणिगृहात दिवे सकाळी ६ ते संध्याकाळी ६ चालू, असे धरू.

सोमवारी संध्याकाळी ५ वाजता ४ ते ८ आठवड्यांच्या माद्यांना पीएमएसजी (अंडी वाढवणारे संप्रेरक) ५ आययू (आंतरराष्ट्रीय एकके), ०.१ मिलिलिटर सलाइनमधून, पोटात टोचा. बुधवारी दुपारी ४ वाजता, म्हणजे ४७ तासांनी, एचसीजी (अंडी बाहेर सोडायला लावणारे संप्रेरक) ५ आययू. त्यानंतर लगेच प्रत्येक मादी एकेका नराच्या पिंजऱ्यात सोडा. मादीला नराकडे न्यायचे, नराला मादीकडे नाही. अनोळखी पिंजऱ्यात नर बिचकतो. नर पूर्वी पिल्ले झालेला असावा आणि आठवड्यातून एक-दोनदाच वापरावा. गुरुवारी सकाळी ८ ते ९ या वेळात योनीतला प्लग (समागमानंतर घट्ट झालेल्या वीर्याचा बोळा) पाहा. उशीर केला तर प्लग गळून पडतो आणि फलित मादी ‘नाही’ म्हणून बाजूला पडते.

आठ माद्या लावल्या तर साधारण पाच-सहांना प्लग दिसतो आणि प्रत्येकीकडून १५ ते २५ चांगले भ्रूण मिळतात. संप्रेरके सलाइनमध्ये विरघळवून छोट्या भागांत उणे २० अंशांना ठेवा. एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका. ‘या वेळी अंडीच कमी आली’ या तक्रारीचे मूळ बहुतेकदा पुन्हा पुन्हा वितळलेल्या पीएमएसजीत असते.

डिश बुधवारी संध्याकाळीच भरून ठेवायच्या असतात, म्हणजे रात्रभरात मीडिया आणि तेल वायूशी व तापमानाशी जुळते. मोजणी शुक्रवारी २४ तासांनी आणि सोमवारी ९६ तासांनी. शनिवार-रविवारी इन्क्युबेटर उघडायचा नाही.

भ्रूण काढणे

गुरुवारी ११ ते १ या वेळात, म्हणजे एचसीजीनंतर १९ ते २१ तासांनी, समितीने मंजूर केलेल्या पद्धतीने मादीला मारून बीजवाहिन्या काढा आणि हेपीस (इन्क्युबेटरबाहेरही पीएच टिकवणारे रसायन) असलेल्या कोमट एम२ मीडियात ठेवा. साधा बायकार्बोनेट मीडिया बाहेर काही मिनिटांतच अल्कधर्मी होतो, म्हणून बाहेरचे सगळे काम हेपीसमध्ये करा.

सूक्ष्मदर्शकाखाली बीजवाहिनीचा एक भाग फुगलेला, काचेसारखा पारदर्शक दिसतो. तो अँप्युला. आत पेशींचा ढगाळ पुंजका दिसतो. चिमट्याने वाहिनी धरून त्या फुगीर भागाला सुईच्या टोकाने बारीक चीर दिली की पुंजका आपोआप बाहेर सरकतो. दाबू नका. दाबले तर रक्त आणि ऊतीचे तुकडेही सोबत येतात.

पुंजका दर मिलिलिटरला ०.३ मिलिग्रॅम हायालुरोनिडेझ हे एन्झाइम असलेल्या थेंबात टाका. मिनिटभरात कडेच्या पेशी सुट्या होऊ लागतात, धुके विरावे तसा पुंजका विरळ होतो आणि आतली गोल अंडी एकेक करून तळाशी बसतात. दोन ते तीन मिनिटांत काम होते. पाच मिनिटांपुढे भ्रूण त्यात ठेवू नका. लगेच एम२च्या चार-पाच थेंबांतून धुऊन घ्या. धुण्यात आळस केला तर एन्झाइमचा अंश डिशमध्ये जातो, आणि चाचणी वस्तूची न राहता एन्झाइमची होते.

निवड इथेच करा. फलनाची खूण म्हणून दोन प्रोन्यूक्लियस (अंड्याचे आणि शुक्रजंतूचे केंद्रक) किंवा दुसरा पोलर बॉडी (अंड्याने बाहेर टाकलेली छोटी पेशी) स्पष्ट दिसणारे भ्रूण घ्या. तुकडे झालेले, काळवंडलेले, आकसलेले सोडा. फलित न झालेले अंडे पुढे तुकडे होऊन दोनपेशीय भ्रूणासारखे दिसते आणि मोजणी बिघडवते.

नंतर सगळ्या माद्यांचे भ्रूण एकत्र करा आणि त्या साठ्यातून चिठ्ठी टाकून गटांत वाटा. एका मादीचे सगळे भ्रूण एका गटात गेले तर गटांतला फरक विषाचा की मादीचा हे शेवटपर्यंत सांगता येत नाही. निदान तीन माद्यांचे मिश्रण असावे.

डिश भरणे

तपमान ३७ अंश, ऑक्सिजन शक्य असेल तर ५ टक्के. कार्बन डायऑक्साइडचा आकडा मात्र दुसऱ्या प्रयोगशाळेतून उसना घेऊ नका. आपल्याला हवे असते पीएच ७.२ ते ७.४, आणि पीएच ठरतो वायूच्या आंशिक दाबावर. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण ६ ते ७ टक्क्यांनी कमी असतो. मुंबईत ५ टक्क्यांवर जो पीएच मिळतो, तो पुण्यात मिळवायला सुमारे ५.३५ टक्के लागतात. इन्क्युबेटरच्या पडद्यावरचा आकडा पाहून समाधान मानू नका, रात्रभर ठेवलेल्या मीडियाचा पीएच मोजा.

२० मायक्रोलिटरचे थेंब घालून त्यावर तेल ओता. थेंब उघडा राहिला की पाणी उडते आणि ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचे प्रमाण) चढते. केएसओएम साधारण २५० मिलिऑस्मोलच्या आसपास असतो. एसीच्या झोताखाली दहा-बारा थेंब सावकाश घालत बसले तर पहिला थेंब शेवटच्याहून घट्ट झालेला असतो. एका वेळी पाच-सहा थेंब, लगेच तेल, मग पुढची डिश.

एका थेंबात किती भ्रूण, हा प्रश्न किरकोळ वाटतो, तो तसा नाही. भ्रूण एकमेकांना पोषक ठरणारे घटक सोडतात. एका थेंबात दहा ठेवले तर ते एकमेकांना सांभाळून नेतात आणि सौम्य विष झाकले जाते. पाच ठेवा, आणि प्रत्येक गटात, प्रत्येक फेरीत पाचच ठेवा.

एका फेरीत चार गट बसवा: कंट्रोल २०, विष घातलेला गट २०, आणि दोन तपासायच्या वस्तू प्रत्येकी २०. डिशवर फक्त सांकेतिक क्रमांक लिहा. मोजणाऱ्याला कोणता क्रमांक कशाचा हे माहीत नसावे. अर्धवट ब्लास्टोसिस्टला ‘हो’ म्हणायचे की ‘नाही’ हा निर्णय माहिती असली की नकळत झुकतो.

विषाच्या गटासाठी तेलात क्युमीन हायड्रोपेरॉक्साइड वापरता येते. पाण्यात विरघळणाऱ्या विषासाठी ट्रायटन एक्स-१०० वापरा. हायड्रोजन पेरॉक्साइड टाळा. मीडियातले पायरुव्हेट त्याला नष्ट करते, आणि तुम्ही घातलेली मात्रा भ्रूणापर्यंत पोचतच नाही. मात्रा आपल्याच प्रयोगशाळेत ठरवा: दरवेळी निम्मी करत सात-आठ पायऱ्यांची मालिका लावा आणि ब्लास्टोसिस्टचे प्रमाण कंट्रोलच्या निम्म्यावर आणणारी मात्रा शोधा. सगळे भ्रूण पहिल्याच दिवशी मारणारी मात्रा निरुपयोगी आहे. तिने फक्त जहाल विष ओळखता येते, आणि खराब लॉटमध्ये सापडते ते बहुतेकदा सौम्य विष. पेरॉक्साइड हाताळताना हातमोजे आणि फ्यूम हूड हवाच.

कोणती वस्तू कशी तपासायची

*तेल.* सगळ्यांत जास्त लक्ष द्यायची वस्तू हीच. खनिज तेल उजेडात आणि उष्णतेत ठेवले की त्यात पेरॉक्साइड तयार होतात. कारखान्यातून निघताना उत्तम असलेली बाटली मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे कुरिअरच्या गाडीत दोन दिवस तापली, तर तिच्या प्रमाणपत्राचा आधार उरत नाही. म्हणून नमुना आपल्या दारात आलेल्या बाटलीतूनच घ्या. थेंब लहान, १० मायक्रोलिटरचा, आणि वर तेल भरपूर ठेवा, म्हणजे तेलातून मीडियात उतरणाऱ्या विषाचे प्रमाण वाढते. तेल आधी धुऊ नका, रोजच्या कामात धूत असाल तरच धुवा. बाटली उघडल्यावर महिनाभराने तोच लॉट पुन्हा तपासा. पेरॉक्साइड साठवणीत वाढत जातात.

*प्लास्टिकची डिश.* भ्रूण थेट त्या डिशमध्येच ९६ तास वाढवा. मात्र एक अडचण आहे. प्लास्टिकमधून सुटणारा पदार्थ तेलात विरघळणारा असेल तर वरचे तेल त्याला शोषून घेते आणि डिश पास होते. शंका असेल तेव्हा तेलाविना, चार खणांच्या डिशमध्ये प्रत्येक खणात ५०० मायक्रोलिटर मीडिया घेऊन, पूर्ण आर्द्रतेच्या इन्क्युबेटरमध्ये समांतर गट लावा.

*सिरिंज, कॅथेटर, सुई, पिपेट.* यांचा अर्क काढावा लागतो. पोकळ वस्तू मीडियाने भरून ३७ अंशांना ठेवा, मग तो मीडिया थेंबासाठी वापरा. संपर्काचा वेळ प्रत्यक्ष वापरापेक्षा कमी नसावा. तुकडे करून अर्क काढायचा असेल तर आयएसओ १०९९३-१२ मधली प्रमाणे धरा: ०.५ मिलिमीटरपर्यंत जाडी असेल तर दर मिलिलिटरला ६ चौरस सेंटिमीटर, ०.५ ते १ मिलिमीटर असेल तर ३ चौरस सेंटिमीटर, आणि वेडावाकडा आकार असेल तर ०.२ ग्रॅम. सिरिंजमध्ये दट्ट्याला काळे रबर असेल तर ती हमखास तपासा. त्या रबरातून आणि त्यावरच्या वंगणातून भ्रूणाला अपायकारक पदार्थ सुटल्याचे अनुभव जुने आहेत.

*फिल्टर.* पडद्यावरचे ओलावणारे रसायन पहिल्या काही मिलिलिटरांत येते. पहिला भाग आणि नंतरचा भाग वेगवेगळा तपासा. किती मिलिलिटर टाकून द्यायचे हे यातूनच कळते.

*एखादे रसायन किंवा औषध.* हे द्रावकात विरघळवावे लागते, म्हणून तेवढ्याच द्रावकाचा वेगळा कंट्रोल हवा. डीएमएसओ असेल तर अंतिम प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर नेऊ नका. निदान पाच मात्रा घ्या. भ्रूण ठेवण्याआधी प्रत्येक मात्रेचा पीएच आणि ऑस्मोलॅलिटी मोजा. जास्त मात्रेत मीडिया आम्लधर्मी झाला आणि भ्रूण मेले, तर ते आम्लाने मेले. रसायनाच्या विषारीपणाबद्दल त्यातून काही कळत नाही.

मोजणी

२४ तासांनी फक्त दोन पेशी झाल्या का ते पाहा, डिश दोन मिनिटांत परत आत. ९६ तासांनी तीन प्रकार वेगळे लिहा: पोकळी निम्म्याहून कमी असलेले, पोकळीने भरलेले, आणि फुगून भोवतालचे आवरण पातळ झालेले किंवा त्यातून बाहेर पडणारे. पास-नापास ठरवताना फुगलेले आणि बाहेर पडणारेच धरा. टक्केवारीचा पाया एकच ठेवा: डिशमध्ये ठेवलेले सर्व भ्रूण. दोनपेशीय झालेल्यांवर टक्केवारी काढली की पहिल्या दिवशी मेलेले हिशेबातून गायब होतात आणि आकडा सुंदर दिसतो.

शक्य तिथे पेशीही मोजा. दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम होएख्स्ट ३३३४२ मध्ये अर्धा तास ठेवून, कव्हरस्लिपखाली अलगद दाबून, फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रके मोजता येतात. सौम्य विषात ब्लास्टोसिस्टची टक्केवारी टिकून राहते आणि पेशी मात्र कमी भरतात. भ्रूण वरून भरदार दिसतो, पण आतून हलका असतो. टक्केवारीवर थांबलेल्या प्रयोगशाळेच्या हातून असे लॉट सुटतात.

किती भ्रूण लागतात

एखाद्या लॉटमध्ये खरे प्रमाण ७० टक्केच आहे, म्हणजे तो खराब आहे, असे धरा. २० भ्रूणांवर तपासला तर १६ किंवा जास्त ब्लास्टोसिस्ट होऊन तो पास होण्याची शक्यता जवळपास २४ टक्के असते. चारातला एक खराब लॉट आत! ६० भ्रूणांवर हीच शक्यता ६ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून एका वस्तूसाठी वेगवेगळ्या दिवशी २०-२० च्या तीन फेऱ्या करा.

उलट चूकही होते. कंट्रोल २० पैकी १९ आणि वस्तू २० पैकी १५, हा फरक मोठा वाटतो. पण फिशरच्या सांख्यिकी चाचणीत पी (खरा फरक नसतानाही निदान एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) सुमारे ०.१८ येतो. तेवढ्यावर लॉट परत पाठवू नका आणि वापरायलाही घेऊ नका. फेरी पुन्हा करा.

निकाल बिघडतो तेव्हा

कंट्रोल ८० टक्क्यांखाली गेला तर ती फेरी रद्द. वस्तूचा आकडा चांगला आला असला तरी रद्द. विषाचा गट कंट्रोलइतकाच वाढला तरीही रद्द, कारण त्या दिवशी चाचणीला विष ओळखताच आलेले नाही.

सगळेच गट सारखे खाली गेले तर दोष सामायिक आहे: मीडिया, पाणी, वायू किंवा खोली. खोलीत नवा रंग, नवे फर्निचर, इन्क्युबेटरमध्ये अल्कोहोलचा बोळा फिरवला होता का, हे आधी विचारा. पाण्याचा रोध १८.२ मेगाओहम दाखवत असला तरी त्यातले सेंद्रिय अंश आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातले विष) त्या आकड्यात दिसत नाहीत.

बहुतेक भ्रूण दोन पेशींवर थांबले तर जात आणि मीडिया यांचे जुळत नाही, किंवा काढताना भ्रूण गार पडले. फक्त डिशच्या कडेचे थेंब खराब असतील तर तेल कमी पडले आहे. फक्त एकच वस्तू, तिन्ही फेऱ्यांत, खाली असेल तर तो लॉट खराब आहे.

एंडोटॉक्सिन या चाचणीत भरवशाने पकडले जात नाही. त्यासाठी एलएएल चाचणी वेगळी करा.

प्राणिगृह नसेल तर

बहुतेक आयव्हीएफ केंद्रांत उंदीर नसतात. गोठवलेले एकपेशीय उंदीर-भ्रूण विकत मिळतात, आणि मानवी शुक्रजंतूंची जगण्याची चाचणी तर कुणालाही करता येते: धुतलेले शुक्रजंतू वस्तूच्या संपर्कात ठेवायचे आणि ठरावीक तासांनी हालचाल कंट्रोलशी ताडायची. तिथेही मीडिया प्रथिनविरहित असेल तरच ती संवेदनशील ठरते.

बाकी भिस्त कंपनीच्या प्रमाणपत्रावर. त्यावर नुसते ‘एमईए पास’ लिहिलेले असेल तर पुरवठादाराला लेखी विचारा: भ्रूण एकपेशीय होते की दोनपेशीय, किती तासांनी मोजले, किती भ्रूण होते, मीडियात प्रथिन होते का, आणि चाचणी याच लॉटची आहे की नमुन्याच्या लॉटची. उत्तर आल्याशिवाय लॉट वापरात घेऊ नका. आणि प्रत्येक लॉटची एक न उघडलेली बाटली किंवा पाकीट, तारीख लिहून, अंधारात ठेवा. त्या लॉटमध्ये वाढलेल्या भ्रूणांचे गर्भधारणेचे निकाल हाती येईपर्यंत ते टाकू नका. आकडा घसरला तर तपासायला तेवढाच नमुना उरलेला असतो.